हळदीच्या कन्सोलवरून स्वतःच्या ट्रॅककडे

"दादा, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" स्वतःचा ट्रॅक बनवायचा म्हटलं की डीजे पोरं मला पहिला प्रश्न हाच विचारतात. घ्यायच्या आधी घरातली खोकी उघडून बघ. बऱ्याच मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला सूर देणारी पेटी) आणि ऑडिओ इंटरफेस (कॉम्प्युटरला माइक-स्पीकर जोडणारा डबा) यांच्यासोबत एबलटन लाइव्ह या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरची लाइट आवृत्ती फुकट येते. त्यात ८च ट्रॅक, म्हणजे एकावर एक रचायचे आवाजांचे थर, मिळतात म्हणून पोरं नाक मुरडतात. किक (ड्रमचा मुख्य ठोका), बेस (तळाचा सूर), क्लॅप, हॅट, हलगी, सिंथ, गळा, एक इफेक्ट. झाले की आठ! एफएल स्टुडिओ या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं ट्रायल घेणार असशील तर एक लक्षात ठेव, सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय परत उघडत नाही. मला हे रात्री अडीच वाजता कळलं.

पहिल्या आठवड्यात नवीन काही करूच नकोस. तुझ्या सेटमध्ये हमखास चालणारा एक हाउस (नाचायच्या संगीताचा एक प्रकार) ट्रॅक टाइमलाइनवर टाक आणि १२८ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांवर, आण. या वेगाला ३२ ठोके बरोबर १५ सेकंदांत संपतात, तो एक डबा धर, म्हणजे सहा मिनिटांच्या ट्रॅकला २४ डबे. कुठल्या डब्यात काय चढलं, काय उतरलं, ते रंगाने मांड. ३२ मोजून फेडर (कन्सोलवरची आवाजाची सरकपट्टी) उचलायची सवय तुला आहेच, तीच इथे कामाला येते. मग तो ट्रॅक म्यूट कर आणि त्याच सांगाड्यावर स्वतःचा माल भर. पहिले दोन आणि शेवटचे दोन डबे नुसत्या तालाचे ठेव. मिक्स करायला जागा न सोडणारा माणूस स्वतःच डीजे असेल तर त्याला माफी नाही.

खरी मारामारी किक आणि बेसची. दोघांनाही तळातली तीच जागा हवी असते. आधी किकचा सूर सँपलरमध्ये (रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारं साधन) वरखाली करून बेसच्या सुराला जुळव. मग बेसवर कॉम्प्रेसर (आवाज दाबणारं साधन) टाकून त्याच्या साइडचेनला, म्हणजे कधी दाबायचं ते सांगणाऱ्या इनपुटला, किक दे. १२८ला एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा असतो. रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंदांच्या आसपास धर आणि डोळे मिटून ऐक. किक पडली की बेस दबायला हवा आणि पुढची किक यायच्या आत पुरता वर यायला हवा. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरात एकसारखं, ठेव. लिमिटर (आवाज ठरल्या हद्दीत अडवणारं साधन) बंद, मास्टर (सगळ्याचा मिळून आवाज) उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस.

खोलीवर मात्र विश्वास ठेवू नकोस. चिंचवडची माझी खोली दहा बाय दहा. पहिला ट्रॅक मी 'ए' सुरात बांधला, कारण त्या सुराला लोखंडी कपाटाचं दार असं थरथरायचं की वाटायचं, जमलं! पुढे बेस जास्तच वाटायला लागला म्हणून कमी केला. क्लबात वाजवला तर बेस म्हणजे पाप्याचं पितर. नंतर हिशेब कळला. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज फुगतो, आणि तो 'ए' ५५चा. तेव्हापासून तळ मी हेडफोनवर तपासतो, तोही ओळखीचा एखादा ट्रॅक तेवढ्याच आवाजात शेजारी लावून. कपाट अजून तिथेच आहे.

हलगीचं म्हणशील तर सँपल पॅक विकत घेऊ नकोस, तेच ठोके शंभर जणांकडे असतात. गल्लीतल्या हलगीवाल्याला विचार, हलगी शेकून चढली की दहा पावलं लांबून मोबाइलवर रेकॉर्ड कर. जवळून घेतलीस तर आवाज फाटतो. २०० हर्ट्झच्या खालचं कापून टाक. ग्रिडला (टाइमलाइनवरच्या तालाच्या रेघा) मात्र निम्मीच खेच. पूर्ण चिकटवलीस की मिरवणूक संपते आणि शाळेची कवायत सुरू होते.

शेवटी वेव्ह फाइल काढून पेन ड्राइव्हवर घे आणि फ्लोअर अर्धा भरलेला असताना दोन चालत्या ट्रॅकच्या मध्ये गुपचूप लाव. 'माझा ट्रॅक' असं कुणाला सांगू नकोस, मित्र उगाच नाचतात. कितव्या डब्यात लोक बारकडे वळले ते मोबाइलवर लिहून ठेव. माझ्या पहिल्या ट्रॅकला ते अकराव्यात वळले. घरी येऊन अकरावा आणि बारावा, दोन्ही उडवले.