खुल्या ज्ञानाच्या चळवळीत नवीन आहात? मग आधी चावडीवर या

विकिपीडियावर गोव्यातल्या सत्तरी तालुक्याबद्दलच्या एका लेखात मी लिहिलं होतं, 'डोंगर आणि दऱ्या'. रात्री एक ऑटोमॅटिक टूल त्या लेखावरून फिरलं आणि सकाळी बघते तर 'डोंगर आणि दर्या'. दर्या म्हणजे समुद्र. आमच्या वाळपईच्या लेखात समुद्र आला कुठून, म्हणून इतिहासाचं पान उघडलं, जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी लावली, शब्द बदललेला दिसत होता, पण टूलने नेमकं काय काढलं ते काही दिसेना. अर्धा दिवस त्यात गेला.

मग कळलं. मराठीतला हा आडवा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्तावाला ऱ घेऊन, आणि दुसरा, साधा र, त्याला हलन्त आणि पुढे एक न दिसणारं चिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. आपल्या डोळ्याला दोन्ही एकच दिसतात, मशीनला ते दोन वेगळे शब्द. माझा कीबोर्ड दुसऱ्या प्रकारचा होता, टूलवाल्याला ते न दिसणारं चिन्ह म्हणजे चुकून राहिलेला कचरा वाटला, त्याने ते झाडून काढलं आणि र उडी मारून य च्या डोक्यावर बसला. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्या भाषेत त्या चिन्हाला अर्थच नाही, आणि टूल चालू करण्याआधी मराठीवाल्या कोणाला विचारायचं असतं हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं.

मी हे एवढं लांबण लावून सांगतेय कारण विकिपीडिया आणि तिच्या भावंडांमध्ये, म्हणजे विकिस्रोत, विकिडेटा, कॉमन्स वगैरे, नवीन येणाऱ्यांना सगळे एडिट कसं करायचं तेच शिकवतात. तेही हवंच. पण कुठलं सॉफ्टवेअर कसं चालणार, पैसे कुठे जाणार, नियम कोण करणार, हे ठरतं कुठे ते कोणी सांगत नाही. मला ते कळायला चार वर्षं लागली. तुम्हाला लागू नयेत.

हा प्रश्न आपल्या गोव्याला तर फारच जुना आहे. भारतातला पहिला छापखाना जुन्या गोव्यात आला १५५६ साली. पण १६१६ मध्ये क्रिस्तपुराण छापलं तेव्हा भाषा मराठी आणि लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळेच छापखान्यात नव्हते. खिळे कोणाकडे आहेत त्यावरून लिपी ठरली. आज खिळ्यांच्या जागी कोड आहे एवढंच. कोंकणी विकिपीडियाचं बघा ना, २०१५ मध्ये ती इन्क्युबेटरमधून, म्हणजे नव्या भाषांच्या विकी आधी जिथे वाढतात तिथून, बाहेर पडून स्वतंत्र झाली, त्याआधी २०१३ मध्ये गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड मुक्त परवान्याखाली दिले, त्याचा मोठा आधार होता. तिथे एकाच विकीवर देवनागरी, रोमी आणि कन्नड अशा तीन लिप्यांत लेख आहेत. माझी आजी कोंकणी बोलते, मी मराठीत लिहिते, आमच्या घरात कधी भांडण झालं नाही, पण मशीनसाठी एका लिपीतला शब्द आणि दुसऱ्या लिपीतला शब्द यांचं काही नातं नसतं, ते कोणीतरी मुद्दाम जोडावं लागतं. इंटरफेससाठीसुद्धा gom हा कोंकणीचा कोड वेगळा, देवनागरीचा वेगळा, रोमीचा वेगळा. कुठल्या कोडला आधी काम मिळणार हे तांत्रिक वाटतं पण तो सरळसरळ न्यायाचा प्रश्न आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता माझ्या पहिल्या मोठ्या लेखाचं सांगते. माझं आजोळ चोडण. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की खाजनं लागतात, म्हणजे नदीकाठची बांद घातलेली शेतं, खाऱ्या पाण्यात तग धरणारं कोरगूट भात तिथे पिकायचं. मामाने लहानपणी मला मानस दाखवलेली. बांदाच्या तोंडाशी लाकडी दारं असतात, अशी टांगलेली की भरती आली की नदीचं पाणीच त्यांना बाहेरून घट्ट लावतं आणि ओहोटीला शेतातलं पाणी त्यांना ढकलून बाहेर जातं. वीज नाही, मोटर नाही. मामाला त्या दाराची फट बघून कळायचं कधी लाकूड बदलायचं. मी हे सगळं लिहिलं आणि दोन दिवसांत एका प्रकल्पावर लेखाला पाटी लागली, संदर्भ नाहीत, आणि मग अर्धा मजकूर उडवला. मी रडले होते, खरंच. मामा सांगतो हा संदर्भ चालत नाही, छापलेलं हवं.

पाटी लावणाऱ्याचं चुकलं असं मी आज म्हणणार नाही, नियमामागे कारण आहे, नाहीतर कोणीही काहीही लिहील. पण ज्यांचं ज्ञान पुस्तकात आलंच नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. २०११ मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेत मौखिक संदर्भांचा एक प्रयोग झाला होता, लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करून त्याच संदर्भ म्हणून द्यायच्या. तो नियम काही सगळीकडे झाला नाही. म्हणून नव्या माणसाला माझा सल्ला दोन्ही बाजूंनी चाला असा. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा, १८३२ पासूनचं आहे ते, तिथे बसून जुनी वर्तमानपत्रं आणि गॅझेटियर चाळा, मला मानसवर छापील मजकूर तिथेच मिळाला आणि लेखातलं बरंचसं परत घालता आलं. आणि दुसरीकडे मामाचा आवाज रेकॉर्ड करा, त्याची लेखी परवानगी घ्या, फोटो काढा, कॉमन्सवर टाका. दाराच्या बिजागरीचा जवळून काढलेला फोटो कोणी उडवत नाही.

आणि तिसरं म्हणजे नियम बदलावा असं वाटत असेल तर चावडीवर मांडा. मराठी विकिपीडियावर चर्चेच्या पानाला चावडीच म्हणतात, आणि मत घेतात त्याला कौल. आपल्याकडे देवाला कौल लावतात तेव्हा पाकळी उजवीकडची पडली की डावीकडची ते बघून भट सांगतो आणि आपण मान डोलवतो. इथल्या कौलात प्रत्येकाने आपलं कारण लिहायचं असतं आणि ते कायम तिथे राहतं, दहा वर्षांनी कोणीही वाचू शकतं. पहिल्यांदा मी फक्त 'पाठिंबा' लिहून सही केली. तसं करू नका. दोन ओळी का होईना, का ते लिहा, कारण नुसती मतं मोजून निर्णय होत नाही, मुद्दे बघतात.

आता वरच्या मजल्याचं. विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था २००३ पासून आहे, सर्व्हर, पैसा, इंजिनियर तिच्याकडे. तिच्या विश्वस्त मंडळात जास्तीत जास्त १६ जागा, त्यातल्या ८ समाजाने आणि संलग्न संस्थांनी निवडायच्या. मतदानाला साधारण अट अशी असते की एकूण ३०० संपादनं आणि मागच्या सहा महिन्यांत २०. तीनशे म्हणजे खूप वाटतं, पण रोज शुद्धलेखनाचे दोन बदल केले तरी वर्षभरात दुपटीच्या वर जाता. सगळ्यांनी हा आकडा गाठा आणि मत द्या. गोव्यातून किती मराठी मतं जात असतील असं मनात येतं तेव्हा मला वाईट वाटतं.

तंत्रज्ञान आणि सत्ता एकच कसं होतं ते बघायचं असेल तर २०१४ चं सुपरप्रोटेक्ट प्रकरण वाचा. फोटो दाखवायचं एक नवं फीचर जर्मन विकिपीडियाच्या लोकांना नको होतं, फाउंडेशनने एक असं कुलूप आणलं की प्रचालकांनाही, म्हणजे विकीची देखभाल करणाऱ्या जादा अधिकारवाल्यांनाही, ते पान बदलता येईना. केवढा संताप झाला, आणि २०१५ च्या शेवटी ते कुलूप काढून टाकलं. जर्मनवाल्यांकडे माणसं होती, आवाज होता. हेच मराठीवर किंवा कोंकणीवर झालं असतं तर किती जणांना पत्ता लागला असता?

२०१७ मध्ये चळवळीने दिशा ठरवली त्यात 'ज्ञानातली समता' हे शब्द आले, २०२० मध्ये दहा शिफारशी आल्या, त्यातली एक निर्णयप्रक्रियेतल्या समतेची. त्यातून चळवळीची सनद, म्हणजे कोणाचे अधिकार काय ते सांगणारा कागद, लिहायला २०२१ मध्ये १५ जणांची समिती बसली. जवळजवळ तीन वर्षं काम चाललं. २०२४ मध्ये मतदान झालं, वैयक्तिक मतांपैकी सुमारे ७३ टक्के बाजूने, संलग्न संस्थांचंही बहुमत बाजूने, आणि विश्वस्त मंडळाने मंजुरी नाकारली, म्हणून सनद लागू झाली नाही. मंडळाची कारणं त्यांनी जाहीर लिहिलीयत, ती वाचा, विरोधात लिहिलेलंही वाचा. मी बाजूने मत दिलं होतं आणि अजून माझं मत तेच आहे, कारण कोणाचा अधिकार कुठपर्यंत हे कागदावर असल्याशिवाय लहान भाषांना हक्काने बोलताच येत नाही. गावकरी या गोव्यातल्या जुन्या गावसंस्थेचं आपल्याला माहीतच आहे, जमीन सगळ्या गावाची म्हणायची पण बैठकीत बसायचा हक्क गांवकार घराण्यांतल्या पुरुषांचा. बांद आणि शेत बायकांच्या कष्टावर चालायचं, माझी आजी आयुष्यभर खाजनात राबली, बैठकीत ती कधीच नव्हती. सामायिक मालकी आणि बोलायचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी तिच्याकडून शिकले.

मीटिंगांची वेळ हाही भाग त्यातलाच. फाउंडेशनच्या सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. पावसात आमच्याकडे वीज गेली की नेट गेलं. इंग्रजी भराभर बोललं जातं, आपण वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मी शेवटी लिहायला लागले की मला नोट्स आधी द्या, उत्तर मी लेखी देईन, मराठीत दिलं तर चालेल का. चाललं. भाषांतर करून घेतलं त्यांनी. तर मागा, लाजू नका. आणि कोणी त्रास देत असेल, मुलींना हे जास्त सांगते, तर २०२१ पासून सगळ्या प्रकल्पांसाठी एक आचारसंहिता आहे आणि तक्रारीची वाटही आहे, गप्प बसून सोडून जाऊ नका.

कामाचं, म्हणजे करिअरचं. मी लायब्ररी सायन्स केलं, कोडिंग फारसं येत नाही. तरी फॅब्रिकेटर नावाच्या ठिकाणी बग नोंदवणं शिकले आणि त्याच एका कौशल्याने मला पुढे डिजिटायझेशनचं पगारी काम मिळवून दिलं. पद्धत सोपी आहे, काय काय केलं ते पायरीपायरीने, त्यावर काय झालं, आणि काय व्हायला हवं होतं. दर्याचा बग मी तसाच लिहिला, दोन्ही शब्दांचे युनिकोड क्रमांक देऊन, आणि वाक्य टाकलं की या एका न दिसणाऱ्या चिन्हाने डोंगराची दरी समुद्र होते. टूलवाल्याने त्याच आठवड्यात बदल केला आणि विचारलं की अजून कुठल्या भाषांना असं होईल. ट्रान्सलेटविकीवर इंटरफेसचे संदेश मराठीत आणणं हीसुद्धा फार चांगली सुरुवात आहे, एकेक ओळ असते, बसमध्ये बसून होतं. छोट्या उपक्रमासाठी फाउंडेशनचा ५०० ते ५००० डॉलरपर्यंतचा रॅपिड फंड असतो, अर्ज आणि त्यावरची चर्चा सगळ्यांना दिसते, म्हणून आधी दुसऱ्यांचे नामंजूर झालेले अर्ज वाचा, मंजूर झालेल्यांपेक्षा ते जास्त शिकवतात. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा, पैसे घेऊन लेख लिहीत असाल तर ते उघड सांगायलाच लागतं, २०१४ पासून तशी अट आहे. हॉटेलवाले आणि बिल्डर विचारतात, आपल्या गोव्यात जास्तच विचारतात. न सांगता केलंत तर वर्षांची पुण्याई एका दिवसात जाते, मी एका चांगल्या मुलाचं खातं असं जाताना बघितलंय.

प्रचालक व्हायची घाई करू नका. तो मान नाही, झाडलोटीचं काम आहे.

मानसच्या लेखात एका वाक्यापुढे अजून 'संदर्भ हवा' आहे, फट बघून लाकूड कधी बदलायचं ते वाक्य. मी ते काढलेलं नाही. गेल्या मे महिन्यात मामासोबत बांदावर जाऊन तेवढंच रेकॉर्ड केलं, मागे भरतीच्या पाण्याचा आवाज आहे, आणि फाइलचं वर्णन मराठीत, कोंकणीत देवनागरीने आणि रोमीने, असं तिन्ही वेळा लिहिलं. चावडीवर मांडलंय की हा आवाज संदर्भ म्हणून धरावा का. अजून चारच जणांनी लिहिलंय.