गाडी खाली बसवली आणि टर्न सिक्सला फिरलो

सॅन होजेला आल्यावर १९९९ ची माझदा एमएक्स-५ ही छोटी स्पोर्ट्स कार घेतली, इथे सगळे मियाटाच म्हणतात, आणि पहिलं काम काय केलं तर कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) टाकून दोन इंच खाली बसवली. दिसायला एकदम कडक. खड्ड्यात पाठ मोडायची, पण मला वाटायचं वा, रेसकार झाली.

लगूना सेका या इथल्या रेस ट्रॅकचा टर्न सिक्स म्हणजे फास्ट डावं वळण, ॲपेक्सलाच, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या टोकालाच, खोलगट भाग आणि पुढे कॉर्कस्क्रू नावाच्या वळणाकडे चढ. तिथे गाडी दबली आणि काही कळायच्या आत मागची बाजू सुटली, मी उलट्या तोंडाने धुळीत. शहाणपणा करून मागचे डँपर, म्हणजे शॉकअप, अजून टाइट केले, दुपारी परत तेच.

आता नीट वाचा, माझे चार महिने यात गेलेत. शॉकअपच्या दांड्यावर बंप स्टॉपचा ठोकळा असतो, चाक फार वर आलं की त्याला अडवणारा. या जुन्या मियाटात चाकाला वर सरकायला जागा मुळातच कमी, त्यात गाडी खाली घेतली की उरतं काय? माझा बंप स्टॉप गाडी उभी असतानाच टेकायला आला होता, म्हणजे ज्याला मी स्प्रिंगचा कडकपणा समजत होतो तो त्या ठोकळ्याचा होता! वळणात बाहेरचं मागचं चाक ठोकळ्यावर बसलं की मागचा भाग एका झटक्यात दगड होतो, टायरला ते झेपत नाही, ग्रिप गेली. डँपर कडक-मऊ करायचे क्लिक कितीही फिरवा, जागा वाढत नाही.

हे मला पॅडॉकमधल्या (ट्रॅकशेजारी गाड्या लावतात तिथल्या) एका म्हाताऱ्या इन्स्ट्रक्टरने दाखवलं. दांड्याला झिप टाय बांधली, म्हणाला तीन लॅप मारून ये. आलो तर टाय ठोकळ्यात रुतलेली. यूट्यूबवर रात्री घालवण्यापेक्षा असा एक म्हातारा शोधा.

मग गाडी इंचभर वर घेतली. आधी हाइट, मगच अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन, आणि तीही सीटवर आपल्या वजनाइतकं काहीतरी ठेवून, माझी पहिली रिकाम्या गाडीवरच करून दिली होती. कॅम्बर म्हणजे चाकाचा वरून आत-बाहेर कल, तो पुढे उणे अडीच अंश, मागे उणे दोन (उणे म्हणजे वरून आत). टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर, तो पुढे शून्य, मागे किंचित टो-इन, म्हणजे आत. रोज ऑफिसला जातो, टायर ठीक आहेत, टायर खातो तो टो, कॅम्बरला उगाच शिव्या पडतात. सस्पेन्शनच्या सांध्यातल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा.

खरं तर पहिल्या वर्षी कॉइलओव्हर घेऊच नका, टायर आणि ब्रेक फ्लुइड घ्या. घेतले असतील तरी घाबरू नका, पाना फिरवून वर येतं सगळं. माझी झिप टाय अजून दांड्यावरच आहे, परवा पाहिली, ठोकळ्याच्या बोटभर खाली.