हलकी चाकं घेण्याआधी टायर बघा

हलकी चाकं घातली की सायकल पळते, हे अर्धंच खरं. रिमचं वजन फिरतंही आणि पुढेही सरकतं, म्हणून वेग घेताना ते जवळपास दुप्पट जाणवतं. गंगापूर रोडला सिग्नल सुटल्यावर जो हलकेपणा वाटतो, तो हाच. एकदा वेग धरला की पुढची झुंज वाऱ्याशी.

चढाचा हिशोब करून बघा. तुम्ही आणि सायकल मिळून 80 किलो. चाकांतून अर्धा किलो कमी केला, म्हणजे जेमतेम 0.6 टक्के. कसारा घाट चढायला 40 मिनिटं लागत असतील तर वाचले साधारण 15 सेकंद. अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर पाणी हो!

त्यापेक्षा चांगले टायर घ्या. लवचीक, गुळगुळीत टायर कमी अडतो, आणि तो फायदा सपाटीवरही मिळतो. हवा दर आठवड्याला तपासा, मात्र दगडासारखी ठासू नका.

पावसाळ्यातले खड्डे बघता कमी तारांची नाजूक चाकं मी तरी रोजच्या सायकलला लावणार नाही. 32 तारांचं साधं चाक आऊट झालं, तर कोपऱ्यावरचा सायकलवालाही सरळ करून देतो.