प्ली बार्गेनिंगच्या बैठकीला रिकाम्या हाताने जाऊ नका

"आरोपी गुन्हा कबूल करतोय, तुम्ही फक्त सही करा." कोर्टाच्या व्हरांड्यात हे ऐकलं की दोन वर्षं तारखांना कंटाळलेला जखमी माणूस सही करून मोकळा होतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, थांबा. ही प्ली बार्गेनिंग आहे, म्हणजे आरोपीने गुन्हा कबूल करून तुम्हाला भरपाई द्यायची आणि त्या बदल्यात कमी शिक्षा घ्यायची, असा कोर्टातला तोडगा.

आधी केस यात बसते का ते बघा. सात वर्षांहून जास्त शिक्षेचे गुन्हे आणि स्त्री किंवा बालकाविरुद्धचे गुन्हे यातून वगळलेले आहेत.

पहिली चूक म्हणजे या तोडग्याच्या बैठकीची नोटीस येऊनही न जाणं. "सरकारी वकील बघतील" म्हणून लोक घरी बसतात. सरकारी वकील राज्याची बाजू मांडतात. तुमच्या गुडघ्यात बसवलेल्या प्लेटचा खर्च त्यांना कुठून माहीत असणार? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २९१ प्रमाणे पोलीस केसमध्येही पीडिताला बैठकीला बोलवावं लागतं. तोडग्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, म्हणून फाइल आधीच तयार हवी: डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीच्या पावत्या, बुडालेल्या पगाराचा दाखला. मेडिकलच्या गुळगुळीत कागदावरची बिलं काही महिन्यांत पुसट होतात, त्यांच्या झेरॉक्स आजच काढा.

आरोपीला काय मिळतंय हेही ओळखा. बेदरकारपणे गंभीर दुखापत केल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पहिलाच गुन्हा असेल तर प्ली बार्गेनिंगमध्ये ती एक षष्ठांशावर, म्हणजे सहा महिन्यांवर येऊ शकते, प्रोबेशनही (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका) मिळू शकतं. एवढी सवलत घेणाऱ्याकडे पूर्ण खर्च मागताना संकोच कसला? रक्कम "नंतर देतो" यावर सोडू नका. डिमांड ड्राफ्ट किंवा हप्त्यांच्या तारखा बैठकीच्या अहवालातच लिहून घ्या. त्या निकालावर अपील नाही. उरतात फक्त उच्च न्यायालयातली रिट याचिका आणि सर्वोच्च न्यायालयातली विशेष परवानगी याचिका.

"यापुढे कोणतीही मागणी नाही" असं वाक्य मसुद्यात असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. वाहन अपघाताची केस असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणातला भरपाईचा दावा वेगळा असतो. फौजदारी केस संपायची वाट बघत बसू नका, कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहाच महिने दिलेत. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

आणि आरोपीने अर्जात दिलेल्या कबुलीवर दिवाणी दावा उभा करू नका. कलम २९९ मुळे ती दुसरीकडे वापरता येत नाही. पंचनाम्याची प्रत आणि साक्षीदारांचे फोन नंबर तुमच्याजवळच राहू द्या.