चटणीच्या धंद्यात पैसा कुठे अडकतो: कोल्हापुरात सुरुवात करणाऱ्यांसाठी

उन्हाळा लागला की ओळखीच्या बायका विचारायला लागतात, "चटणीचा धंदा सुरू करायचाय, भांडवल किती लागेल?" विचारणाऱ्यांतल्या निम्म्याजणींच्या हाताला माझ्यापेक्षा चांगली चव असते. कांदा-लसूण चटणी जमत नाही असं घर कोल्हापुरात सापडणं मुश्कील, त्यामुळे चवीबद्दल मी काही बोलत नाही. मी एवढंच विचारते, की मार्चमध्ये घातलेला पैसा दिवाळीपर्यंत परत आला नाही तर घर चालेल का? आमच्या घरी ह्यांचा शिरोलीच्या फौंड्रीतला पगार होता, म्हणून माझा पैसा अडकला तरी चूल पेटत राहिली. ज्यांच्याकडे असा आधार नाही त्यांनी धंदा करू नये असं मुळीच नाही, पण त्यांची सुरुवात वेगळ्या रीतीने व्हायला हवी.

आधी या धंद्याचं वर्ष समजून घ्या. नवी मिरची थंडी सरता सरता बाजारात येते आणि मेपर्यंतच्या कडक उन्हात ती वाळवून, कांडून घ्यावी लागते. मृगाचा पाऊस लागला की आपल्याकडे कपडे वाळत नाहीत, तिथे मिरची काय वाळणार! म्हणजे माल तीन-चार महिन्यांत भरायचा आणि विकायचा बारा महिने. नवखी माणसं मशीनच्या किमतीचा हिशोब मांडत बसतात. मशीनला बँक कर्ज देते, आणि मिरची कांडून देणारे डंक (कांडपयंत्रं) तर पेठापेठांत आहेत, किलोवर कांडप घेऊन काम करून देतात. पोत्यात आणि डब्यात पडून राहिलेल्या मालाच्या पैशाचा हिशोब मात्र कुणी करत नाही. माझ्या पाहण्यात जे घरगुती उद्योग बंद पडले ते बहुतेक तिथेच अडकले. गिऱ्हाईक होतं, माल चांगला होता, पण पुढच्या हंगामात मिरची घ्यायला हातात रोकड नव्हती.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, पहिला हंगाम पूर्णपणे ऑर्डरवर करा. काही घरं स्वतःची मिरची आणून देतात. ती निवडायची, वाळवायची, मसाला भाजायचा, डंकावर कांडून आणायची आणि किलोमागे मजुरी घ्यायची. यात तुमचा पैसा जवळजवळ गुंतत नाही. काहीजण म्हणतात, "वहिनी, पाच किलो करून द्या, मिरची तुम्हीच घ्या." त्यांच्याकडून मिरचीचे पैसे आधी घ्यायचे. मागायला जीव संकोचतो, नात्यातल्या माणसांकडे तर जास्तच. मी सरळ सांगते, "मावशी, उद्या मिरची आणायला जायचंय, निम्मे पैसे आज द्या, म्हणजे चांगला माल बघून आणते." याचा कुणाला राग आलेला मला तरी आठवत नाही. आणि एका हंगामात तुम्हाला कळून जातं की घरच्या दोन-तीन माणसांच्या हाताने दिवसाला किती किलो काम उरकतं. हा आकडा कुठल्याही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मिळत नाही.

मिरची घेताना घाई नको. लक्ष्मीपुरीत चार दुकानं फिरल्याशिवाय भाव ठरवू नका, आणि माल जास्त लागायला लागला की गडहिंग्लजच्या बाजाराचा भाव काढत जा. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला आणि वासाला, गुंटूर तिखटपणा थोडक्यात भागवायला. प्रमाण ज्याचं त्याचं. पोत्याच्या वरची मिरची बघून सौदा करू नका, हात कोपरापर्यंत खाली घाला आणि तळातली मूठभर काढा. चांगली वाळलेली मिरची हलवली की आतलं बी खुळखुळतं. हाताला चामट लागली तर तिच्यात ओल आहे, म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे मोजताय. दोन-चार मिरच्या फोडून आत पाहा. करडी-काळी बुरशी दिसली तर पोतं निम्म्या भावात मिळालं तरी घेऊ नका. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते भाजल्याने पुरतं जात नाही. लोक आपल्या हातची चटणी लहान पोरांच्या ताटातही वाढतात, तेव्हा इथे तडजोड नको. कांदा-लसूणही असाच. कांद्यातलं पाणी पूर्ण आटेपर्यंत तो परतला नाही तर श्रावणात पाकिटात गाठी धरतात, आणि मग तक्रार येते.

आता हिशोबाकडे येते, कारण खरी गोम तिथे आहे. आकडे समजण्यापुरते घेते, तुम्ही तुमच्या बाजारभावाने मांडा. समजा वेगवेगळ्या जातींची मिसळलेली मिरची सरासरी ३०० रुपये किलोने १० किलो घेतली. तीन हजार झाले. देठं, माती, डागी मिरची आणि ओल गेली की हातात साडेआठ किलो उरली. म्हणजे ३००ची मिरची खरं तर ३५३ला पडली. तिच्यात खोबरं, तीळ, धणे-जिरे, खडा मसाला, कांदा, लसूण, तेल, मीठ, गॅस आणि कांडप धरून एक किलो तयार चटणी समजा ३८०ला पडते. मजुरीचे ४० धरा. ही मजुरी स्वतःची असली तरी धरायचीच. बहुतेकजणी इथेच शून्य लिहितात, आणि उद्या ऑर्डर वाढल्यावर एखाद्या मावशींना मदतीला बोलवावं लागलं की सगळा नफा त्यांच्या पगारात जातो. पाव किलोच्या पाकिटाला पाऊच आणि लेबल मिळून ५ रुपये, म्हणजे किलोला २०. एकूण ४४०, आणि पाव किलोचं पाकीट ११०ला पडलं.

छापील किंमत १५० ठेवली की वाटतं पाकिटामागे ४० सुटले. पण दुकानदाराला २० टक्के द्या, तुमच्या हाती आले १२०. नफा १० रुपये. आता दहा पाकिटांतलं एक खराब होऊन परत आलं असं धरा. नऊ पाकिटांचे ९० मिळाले आणि एकाचे ११० गेले. दहा पाकिटं विकून वीस रुपये तोटा! हा हिशोब मी प्रत्येकीला कागदावर मांडायला लावते, आणि तो मांडल्यावर 'दुकानात ठेवायचं की घरूनच विकायचं' या प्रश्नाचं उत्तर तिचं तिलाच मिळतं. घरून थेट विकलेलं एक पाकीट दुकानातल्या चार पाकिटांइतकं देतं.

दुकानदार वाईट असतात असं नाही, त्यांचाही गाडा असाच ओढायचा असतो. पण "ठेवून जा ताई, खपलं की बघू" या वाक्यावर माल टाकून येऊ नका. शहरातल्या एका दुकानात माझे पैसे एका हंगामातून दुसऱ्या हंगामापर्यंत राहिले. तेव्हापासून नियम केला: आधीच्या खेपेचे पैसे मिळाल्यावरच पुढची खेप. पहिली खेप लहान द्यायची, दोन डझन पाकिटांच्या वर नाही, आणि माल दिल्याच्या चलनावर (पावतीवर) त्यांची सही घ्यायची. यामुळे काही दुकानं सुटतात, सुटू द्यावीत.

इथे मला नेहमी गंगाराम कांबळे आठवतात. शाहू महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढायला मदत केली, ही गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा त्या काळी कोण पिणार होतं? महाराज स्वतः तिथे थांबून चहा घ्यायचे आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावायचे. ती लढाई फार मोठी होती, तिची आपल्या चटणीशी बरोबरी नाही. पण धंदा उभा राहायला पैशाइतकंच चारचौघांत उघडपणे विकत घेणारं माणूस लागतं, हे महाराजांनी ओळखलं होतं. तुमच्या ओळखीत कुणी धंदा सुरू केला असेल तर फुकट नमुना मागू नका, पैसे देऊन पाव किलो घ्या आणि आवडलं तर शेजारी सांगा.

कागदपत्रांची भीती बाळगू नका. खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी पुरत होती आणि फी वर्षाला १०० रुपये होती. अर्ज ऑनलाइन घरबसल्या होतो, त्यासाठी एजंटला हजारो रुपये देऊ नका. पाकिटात माल बंद केला की वजनमापाचे नियम लागतात. उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क, हे सगळं लेबलवर हवं. एका ग्रॅमची किंमतही छापावी लागते, १५० रुपयांच्या पाव किलोला ती ०.६० रुपये होते. त्याशिवाय घटकपदार्थ, बॅच नंबर, हिरवा शाकाहारी ठिपका आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर. ही यादी पूर्ण झाल्याशिवाय पाच हजार लेबलं छापून घेऊ नका. आणि वजनकाटा मुद्रांकन केलेलाच वापरा.

जीएसटीत कोल्हापूरकरांसाठी एक खास अडचण आहे. राज्यातल्या राज्यात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण परराज्यात करपात्र माल विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आणि निपाणी आपल्याला कितीही घरची वाटली तरी ती कर्नाटकात आहे. कागलच्या दुकानाला माल दिला तर एक नियम, तिथून पुढे निपाणीच्या दुकानाला दिला तर दुसरा. बेळगावच्या पाहुण्यांच्या ओळखीने दुकान मिळालं की आनंदाच्या भरात हे विसरायला होतं. आधी सीएला विचारा.

कर्ज आणि अनुदान याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे क्रम चुकला तर दार बंद होतं. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, बायकांना शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचा वाटा ५ टक्के. पण ही योजना नव्या उद्योगासाठी आहे, आधीपासून चालू असलेल्या युनिटला मिळत नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट होते म्हणून लोक पहिल्याच आठवड्यात करून मोकळे होतात. तसं करू नका, कागदावर उद्योग आधीच चालू दिसू शकतो. आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन कुठल्या योजनेत बसता ते विचारा, मग नोंदणी. अन्नप्रक्रियेसाठी २०२० साली आलेल्या पीएमएफएमई योजनेत चालू उद्योगांनाही ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, अशी सोय झाली. अर्जाची मुदत चालू आहे का हे कृषी विभागात विचारून घ्या. आणि दोन्हीकडे हे लक्षात ठेवा, की अनुदान रोख हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या कर्जखात्याशी बांधलेलं राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. 'अनुदान आलं की मिरची भरू' हा बेत म्हणूनच चालत नाही.

मिरचीसाठी बँकेत गेलात तर मुदत कर्जाऐवजी कॅश क्रेडिट मागा. मार्चमध्ये उचललं, विक्री होईल तसं भरलं, व्याज जेवढं वापरलं तेवढ्यावरच. मुद्रा योजनेतल्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारण न ठेवता मिळतं, आणि दुसऱ्या हंगामासाठी एवढी रक्कम पुष्कळ होते. बँकेचा साहेब आधी मशीनचं कोटेशन मागेल. त्याला पहिल्या हंगामाची ऑर्डरवही दाखवा: कुणी किती किलो घेतली, आगाऊ किती दिले, कधी माल नेला. आमच्या शाखेत त्या वहीची पानं उलटून बघितल्यावरच बोलणं पुढे सरकलं.

भिशीचा पैसा वापरू का, असं बऱ्याचजणी विचारतात. नंबर फेब्रुवारी-मार्चमध्ये लागत असेल तर जरूर वापरा, पण पुढचे हप्ते चटणीच्या विक्रीतून जातील असं धरू नका. जून-जुलैत विक्री थंड असते. ती पुन्हा उठते गणपतीनंतर, नवरात्रात अंबाबाईला बाहेरगावची गर्दी होते तेव्हा, आणि मग दिवाळीत पुण्या-मुंबईचे पाहुणे परत जाताना. त्या वेळेसाठी शंभर ग्रॅमचं लहान पाकीट वेगळं काढा. प्रवासी माणूस किलो घेत नाही, चव बघायला नेतो आणि आवडली तर फोन करतो. पाकिटावरचा नंबर चालू हवा आणि दुपारी फोन उचलायला घरात कुणीतरी हवं.

स्वतःचा डंक कधी घ्यायचा? बाहेर कांडपाला दिलेले पैसे दोन हंगाम वहीत लिहा. त्यांची बेरीज डंकाच्या कर्जाच्या वर्षभराच्या हप्त्यांपेक्षा आणि वाढीव लाईट बिलापेक्षा जास्त भरली, तर घ्या. शेजाऱ्यांना आधी विचारून घ्या, कारण मिरचीची खाट (ठसका) चार घरांपलीकडे जाते आणि डंकाचा आवाजही. घराला लागून गल्ली अरुंद असेल तर शहराबाहेर गाळा बघावा लागतो, आणि त्याचं भाडं या बेरजेत धरायचं राहून जातं.