जुन्या थकबाकीसाठी वसुलीचा फोन आला तर

जुन्या क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी फोन येतो आणि घाबरून माणूस लगेच थोडे पैसे भरतो. थांबा.

१. एजंटकडे बँकेचं अधिकारपत्र आणि लेखी हिशेब मागा.

२. शेवटचा भरणा कधी झाला ते स्टेटमेंटमध्ये पाहा. विनातारण (काही गहाण न ठेवता घेतलेल्या) कर्जासाठी बँकेला कोर्टात दावा करायची मुदत साधारण ३ वर्षं. ती संपण्याआधी थोडी रक्कम भरली किंवा लेखी कबुली दिली, तर मुदत नव्याने सुरू होते. हे फोनवर कुणी सांगत नाही!

३. सकाळी ८ पूर्वी, संध्याकाळी ७ नंतर फोन किंवा धमक्या आल्यास बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही.

तडजोड करायची असेल तर आधी बँकेचं पत्र घ्या. एजंटच्या खात्यावर एक रुपयाही टाकू नका.