आधी पाणी, मग पेशी: मराठवाड्यातून बायोमेडिकल संशोधनात येणाऱ्यांसाठी

ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) काढलं की पाणी शुद्ध झालं, असं समजून बहुतेक मुलंमुली एम.एस्सी. किंवा एम.टेक.च्या प्रोजेक्टला हात घालतात. आपल्या भागात ही समजूत महागात पडते. १२१ अंशांवर जिवाणू मरतात हे खरं, पण मेलेल्या जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे विष त्या उष्णतेला पुरून उरतं. काचेच्या भांड्यांवरून ते घालवायचं तर कोरड्या ओव्हनमध्ये २५० अंशांवर अर्धा तास लागतो. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षारही ऑटोक्लेव्हनं कुठे जात नाहीत. अशा पाण्यातल्या मिडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) पेशी पहिले दोन दिवस बऱ्या दिसतात, मग फ्लास्कच्या तळापासून सुटू लागतात, आणि खापर फुटतं तपासायला घेतलेल्या औषधावर.

बातम्या वाचून या क्षेत्राकडे वळणारे बरेच आहेत, आणि क्षेत्रही तसंच मोलाचं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ या देशातच घडवलेल्या पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता मिळाली. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल या दोन्ही ठिकाणच्या माणसांनी मिळून तो उभा केला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, त्यांच्यात कर्करोगाची पेशी ओळखणारा रिसेप्टर बसवायचा, त्या वाढवायच्या आणि परत द्यायच्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं सिकल सेलवरच्या कॅसजेव्हीला परवानगी दिली. क्रिस्परवर, म्हणजे जनुक नेमकं कापून बदलण्याच्या तंत्रावर, बेतलेला हा पहिला मान्यताप्राप्त उपचार, आणि किनवटच्या आदिवासी पाड्यांवर सिकल सेल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. २०२३ च्याच मार्चमध्ये भारतानं नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी पेशींवरच्या चाचण्या आणि चिपवरचे अवयव (बारीक वाहिन्यांत पेशी वाढवून केलेल्या अवयवांच्या नकला) यांनाही जागा दिली. या तिन्ही गोष्टी एकाच कौशल्यावर उभ्या आहेत: जिवंत पेशी शरीराबाहेर, ठरल्या तापमानात, न बिघडवता सांभाळणं. नवख्या माणसाचे पहिले सहा महिने तिथेच जायला हवेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तर पाण्यापासून सुरू करू. टँकर असो की बोअर, आधी आरओ, त्यानंतर अतिशुद्ध पाण्याचं यंत्र, आणि त्याच्या पडद्यावर १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर हा आकडा (विजेला होणारा रोध; क्षार जितके कमी तितका तो जास्त). तो खाली आला की मिडियम करायचं नाही. टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) मीटरनं शून्य दाखवलं यावर विसंबू नका. एंडोटॉक्सिन त्या मीटरला दिसत नाही. शुद्ध पाणी साठवूनही ठेवू नये. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पीएच सहाच्या खाली जातो आणि बाटलीत जिवाणू वाढू लागतात. लागेल तेवढं त्याच दिवशी काढा. नुसतं डिस्टिलेशनचं यंत्र असेल तर हीटरवर पांढरा थर बसतो. तो सायट्रिक ॲसिडच्या पाण्यानं नियमित काढला नाही, तर हीटर जळतो आणि ऐन प्रयोगात यंत्र बंद पडतं.

एक लिटर डीएमईएम (नेहमीच्या वापरातलं मिडियम) करताना पावडरचं पाकीट ९०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, ३.७ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट घाला, पीएच ७.२ ला आणा, मग पाणी एक लिटरपर्यंत भरा. गाळताना पीएच थोडा चढतो, म्हणून ७.४ ऐवजी ७.२ ला थांबायचं. गाळणी ०.२२ मायक्रॉनची. मिडियम ऑटोक्लेव्ह करू नका, त्यातलं ग्लुटामाइन आणि जीवनसत्त्वं नासतात. वापरण्याआधी ५ मिलिलिटर वेगळं काढून दोन दिवस ३७ अंशांवर ठेवा. ढगाळ झालं तर अख्खी बाटली फेकायची, जीव कितीही तुटला तरी. नंतर १० टक्के सीरम (रक्तातला पेशी वाढवणारा द्रव भाग) आणि १ टक्का पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन.

पेशी बहुतेकदा पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) मधल्या राष्ट्रीय पेशी भांडारातून मागवल्या जातात. वाढत्या पेशींचा फ्लास्क गळ्यापर्यंत मिडियमनं भरून, झाकण घट्ट लावून येतो. कुरिअरचं खोकं उघडल्या उघडल्या फ्लास्क हुडमध्ये (गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कपाटात) नेऊन झाकण काढायची घाई करू नका. ७० टक्के अल्कोहोलनं बाहेरून पुसा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, तसाच इन्क्युबेटरमध्ये (३७ अंश ऊब आणि कार्बन डायऑक्साइड राखणाऱ्या पेटीत) काही तास ठेवा. प्रवासात सुटलेल्या पेशी पुन्हा चिकटतात. मग ५ मिलिलिटर ठेवून बाकीचं मिडियम निर्जंतुक बाटलीत काढून घ्या, पुढच्या पॅसेजला (दाट झालेल्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटून लावताना) ते अर्धं-अर्धं मिसळून वापरता येतं. आणि पहिलं काम म्हणजे गोठवून ठेवणं. १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारा द्रावक) असलेल्या मिडियममध्ये, मिनिटाला एक अंश या गतीनं उणे ८० पर्यंत, तिथून द्रव नायट्रोजनमध्ये. निदान सहा व्हायल (छोट्या कुप्या) साठ्यात पडल्याशिवाय प्रयोगाला हात लावू नका. वितळवताना उलट: ३७ अंशांच्या पाण्यात दीड-दोन मिनिटांत, बर्फाचा इवलासा खडा उरेपर्यंत, कारण वितळलेल्या स्थितीत डीएमएसओ पेशींना मारक ठरतो.

लाइट जाणं हा आपल्याकडच्या प्रयोगाचाच भाग धरून चाला. आपल्या फीडरवर देखभालीसाठी आठवड्यातला कोणता दिवस ठरलेला आहे, ते इमारतीच्या वायरमनला विचारून भिंतीवर लिहून ठेवा आणि लांबलचक प्रयोग त्या दिवशी लावू नका. लाइट गेली की इन्क्युबेटरचं दार उघडायचं नाही. नेमकं पाहायला म्हणून उघडलेल्या दारातूनच ऊब आणि वायू निघून जातात. खंड लांबणार असं दिसलं तर एकदाच उघडा, सगळे फ्लास्क बाहेर घ्या, झाकणं घट्ट करा आणि ३७ अंशांच्या पाण्याच्या बाटल्यांसोबत थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. मिडियममध्ये २५ मिलिमोलर हेपीस (पीएच स्थिर ठेवणारं रसायन) असेल तर पीएच काही तास धरून राहतो. उणे ८० च्या फ्रीझरमधली रिकामी जागा पाण्याच्या गोठलेल्या बाटल्यांनी भरून ठेवली की तो बराच जास्त वेळ थंड राहतो. हुड बंद पडली की उघड्या बाटल्या ताबडतोब झाकायच्या, आणि परत चालू झाल्यावर १५ मिनिटं वारा वाहू दिल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की टेबलावर ठेवलेलं एन्झाइम तासाभरात मान टाकतं. मुंबई-पुण्याहून येणारं सीरम आणि अँटिबॉडी शुक्रवारी निघाली तर सोमवारपर्यंत गोदामात जेल पॅकचं पाणी होतं. ऑर्डर देतानाच माल सोमवारी किंवा मंगळवारी निघावा असं लिहून द्या. उन्हाळ्याची गरज फेब्रुवारीतच भरून ठेवली तर आणखी बरं. प्राइमर (डीएनएचे छोटे तुकडे) वाळवलेले असतात, त्यांची इतकी धास्ती नको. थंडीतली अडचण वेगळी. डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतं, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी बाटलीत दगड झालेला दिसतो. ते खराब झालेलं नसतं; कोमट पाण्यात बाटली धरा.

कंटॅमिनेशन ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. मिडियममधला फिनॉल रेड (आम्लता दाखवणारा रंग) एका रात्रीत पिवळा पडला आणि ढगाळपणा आला तर जिवाणू. मिडियम स्वच्छ, पण कापसासारखे धागे तरंगताहेत तर बुरशी. पावसाळ्यात एसीच्या जाळीतून ती हमखास येते. नुसतं पिवळं, ढगाळ अजिबात नाही, तर बहुधा पेशी दाट झाल्यात, पॅसेज करा. सगळ्यांत वाईट मायकोप्लाझ्मा: मिडियम चकचकीत, पेशी मात्र मंदावलेल्या. साध्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसत नाही आणि पेनिसिलिनला दाद देत नाही, कारण त्याला पेशीभित्तिकाच नसते. दर दोन महिन्यांनी पीसीआरनं (डीएनएच्या प्रती वाढवून शोधणाऱ्या चाचणीनं) तपासणी करा. बाहेरून आलेला फ्लास्क तपासणी होईपर्यंत वेगळा ठेवा.

मोजणीत मुलं घाबरतात, म्हणून एक उदाहरण सविस्तर. पेशींचं द्रावण आणि ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) समसमान मिसळलं, हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या, चौकोन आखलेल्या काचेच्या) चार कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांत ४२, ३८, ४५ आणि ३५ जिवंत पेशी दिसल्या. सरासरी ४०. दुप्पट पातळ केलं म्हणून गुणिले २, आणि चौकोनाचं आकारमान मिलिलिटरचा दहा हजारावा भाग म्हणून गुणिले १०,०००. म्हणजे मूळ द्रावणात मिलिलिटरला ८ लाख. ९६ खोबण्यांच्या (छोट्या कप्प्यांच्या) प्लेटमधल्या प्रत्येक खोबणीत १०० मायक्रोलिटरमध्ये ५,००० पेशी हव्यात, तर मिलिलिटरला ५०,००० लागतील. ६० खोबण्यांना ६ मिलिलिटर, सांडलवंड धरून ७ करा: ०.४४ मिलिलिटर पेशींचं द्रावण आणि ६.५६ मिलिलिटर मिडियम. भरताना दर काही खोबण्यांनंतर नळी हलवा, नाहीतर पेशी तळाशी बसतात आणि शेवटच्या ओळीत गर्दी होते. ९६ पैकी कडेच्या ३६ खोबण्यांत नुसतं पीबीएस (क्षारांचं साधं द्रावण) भरा. आपल्या कोरड्या हवेत त्या आधी आटतात आणि आकडे चुकतात.

त्यावर एमटीटी (जिवंत पेशी जांभळा करतात अशा रंगाची चाचणी): ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या द्रावणातले १० मायक्रोलिटर, अंधारात चार तास, मग मिडियम हलक्या हातानं काढून १०० मायक्रोलिटर डीएमएसओ, आणि ५७० नॅनोमीटरला वाचन. मिडियम काढताना टिप तळाला लागली तर जांभळे स्फटिक टिपेसोबत निघून जातात आणि पेशी मेल्या असं वाटतं. नॅनोकणांवर काम असेल तर पेशी नसलेल्या, फक्त कण आणि एमटीटी असलेल्या खोबण्या ठेवायलाच हव्यात. काही कण स्वतःच एमटीटीचा रंग बदलतात, काहींचा स्वतःचा रंग त्याच तरंगलांबीला वाचला जातो. ही खोबणी न ठेवलेले कित्येक प्रबंध पाहायला मिळतात, आणि वर्षाची मेहनत वाया गेलेली पाहून वाईट वाटतं.

इंजिनिअरिंगकडून येणाऱ्यांना चिप जवळची वाटते, तीही इथल्या साधनांत जमते. पीडीएमएसमध्ये (चिप ओतायच्या पारदर्शक सिलिकॉन रबरात) वजनानं १० भाग बेस, १ भाग क्युअरिंग एजंट (घट्ट करणारा भाग). ९ सेंटिमीटरच्या पेट्री डिशला ३० ग्रॅम आणि ३ ग्रॅम घेतले की सुमारे ५ मिलिमीटर जाडी मिळते. पाच मिनिटं जोरात ढवळा, व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये बुडबुडे संपेपर्यंत ठेवा, मग ८० अंशांवर दोन तास. काही ठिकाणी चिकट राहिलं तर लेटेक्सचे हातमोजे तपासा. त्यातलं गंधक प्लॅटिनमचा उत्प्रेरक निकामी करतं. नायट्राइलचे घाला. काचेला चिकटवण्याआधी पृष्ठभागावरची धूळ सेलोटेपनं उचला, प्लाझ्मा (विद्युतभारित वायूचा मारा) ३० ते ६० सेकंद, आणि लगेच जोडा. जास्त वेळ दिला म्हणजे पक्कं चिकटेल असं नाही. पृष्ठभाग ठिसूळ होऊन तडकतो. जोडलेल्या चिपमध्ये ताबडतोब पाणी भरा, कारण पाण्याला धरणारा गुण काही तासांत ओसरू लागतो. फ्रिजमधलं मिडियम थेट सोडलं तर ३७ अंशांवर त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि एकच बुडबुडा वाहिनीतल्या सगळ्या पेशी खरवडून नेतो. मिडियम आधी कोमट करून व्हॅक्यूममध्ये ठेवा.

पंपाचा वेग अंदाजानं ठेवू नका. २०० मायक्रॉन रुंद, १०० मायक्रॉन उंच वाहिनीत मिनिटाला १ मायक्रोलिटर सोडलं तर भिंतीवरचा घर्षणताण सुमारे ०.०३५ पास्कल येतो. उंची निम्मी केली की तोच ताण चौपट होतो, आणि पेशी वाहून गेल्या म्हणून पुन्हा खापर औषधावर. पीडीएमएस तेलात विरघळणारी लहान रेणूंची औषधं शोषूनही घेतं, तेव्हा बाहेर पडलेल्या मिडियममधली मात्रा मोजल्याशिवाय डोस लिहू नका.

एकाच प्लेटवरच्या तीन खोबण्या म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशी घेऊन तीनदा केलं तर प्रयोगांची संख्या ३. सादरीकरणात पहिला घाव इथेच बसतो. वहीत रोज पॅसेज क्रमांक, सीरमचा लॉट, पाण्याचा आकडा आणि लाइट किती वाजता गेली-आली हे लिहा; आकडे विस्कटले की कारण बहुतेकदा या चार रकान्यांत सापडतं.

परवानग्यांना वेळ जातो. सरकारी रुग्णालयातून रक्ताचा नमुना हवा असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी. नमुना घेऊन मागाहून अर्ज चालत नाही आणि तो डेटा छापता येत नाही. जनुकं बदलायची तर जैवसुरक्षा समिती. कचऱ्याला २०१६ चे नियम: संसर्गित प्लास्टिक लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. ब्लीच घातलेलं मिडियम ऑटोक्लेव्हमध्ये कधीच घालू नका, क्लोरीन सुटतो.

पुढच्या वाटा थोडक्यात. एम.एस्सी. बायोटेकला गॅट-बी, एम.टेक.ला गेट या प्रवेश परीक्षा; गेटमध्ये २०२० पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट, जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं महिन्याला ३७,००० रुपये. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरहून पुण्या-मुंबईला मुलाखतीला जाताना इंग्रजीची भीती मुलांना सगळ्यात जास्त असते. समोरचे मात्र विचारतात की तुमच्या प्रयोगात कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) कोणता होता आणि तो का निवडलात. वही सोबत न्या. फसलेल्या प्रयोगाचं पान उघडून कारण कसं शोधलं ते मराठी वळणाच्या इंग्रजीत सांगितलं तरी ते ऐकून घेतात, आणि पुढचा प्रश्न त्याच पानावरून येतो.